दाराआडचा पाय

आज आम्ही पायाबद्दल बोलणार आहोत. गुडघ्याखालून पाय काढावा लागला तर ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, नंतर नकली पाय कसा बसवतात, आणि मिळालेला पाय बाई वापरत का नाही. हा शेवटचा प्रश्न आमच्या गटातलाच आहे. तो आम्हाला पडायला सात महिने लागले, हे आधीच सांगून टाकतो.

चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गटात एक मावशी आहेत. गोष्ट सांगा, नाव नका सांगू, असं त्यांनीच बजावलंय. वय पन्नाशीच्या पुढे, चार एकर कोरडवाहू, कपाशी. बचतीचा हप्ता कधी चुकला नाही. पाय काढल्यावर त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या, पैसे सुनेच्या हाती पाठवायच्या. पुढे एका शिबिरात त्यांना नकली पाय मिळाला. फुकट मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर केव्हाही घरी जा, मावशी खाटेवर आणि पाय दाराआड, छत्री न् खुरप्यांच्या शेजारी उभा. आमच्यातली एक तर तोंडावर बोलली, "मावशी, फुकटच्या वस्तूची किंमत नसते बघा." मावशी काही बोलल्या नाहीत. साडीचा काठ तेवढा खाली ओढून घेतला. बोलली एकच, पण तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं.

आता मुळापासून सांगतो.

सुरुवात बाभळीच्या काट्यापासून झाली. कपाशी वेचताना तळव्यात रुतला आणि मावशींना कळलाच नाही. संध्याकाळी चपलेत रक्त दिसलं तेव्हा समजलं. मावशींना आठ वर्षांपासून साखरेचा आजार. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, मुंग्या येतात आणि मग दुखणंच कळेनासं होतं. दुसरीकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होत जातात, म्हणून जखमेला रक्त कमी पोचतं आणि ती भरत नाही. दुखत नाही म्हणून बाई कामावर जाते, आणि भरत नाही म्हणून जखम आत आत जाते. हळद लावली, चुना लावला. नवव्या दिवशी करंगळी काळी पडली, वास यायला लागला, ताप भरला.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल. घरात रडारड. मुलगा म्हणे, काळी पडली ती बोटं काढा, एवढा पाय कशाला? दोन दिवस सही झाली नाही. त्यात आमचाही हात होता, कारण आणखी एका डॉक्टरला दाखवा, असं आम्हीच सुचवलं होतं. दुसरं मत घेणं चूक नाही, पण विष अंगात चढत असताना त्यासाठी दोन दिवस घालवणं चूक. नंतर डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. काळं पडलेलं दिसतं तेवढंच मेलेलं नसतं. शेजारचं मांस जिवंत दिसलं तरी तिथे रक्त पुरत नसेल, तर तिथे मारलेला टाका भरत नाही. मग महिन्याने पुन्हा थोडं वर, पुन्हा थोडं वर, असे तुकडे पडत जातात. म्हणून जिथे जखम नक्की भरेल तिथे कापायचं. आणि होता होईल तो गुडघा वाचवायचा.

गुडघ्याचं महत्त्व किती, तर ऐका. गुडघा शाबूत असेल तर नकली पायावर चालायला नेहमीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त ताकद लागते. तब्येत बरी नसेल तर थोडी अजून. गुडघ्यावरून पाय गेला की ती दीडपटीच्या वर जाते, म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला दुप्पटही लागते. म्हणजे शेजारी जाऊन यायचं आणि कोस चालल्यासारखं दमायचं. बसणं, उठणं, पायरी चढणं सगळं गुडघ्यावर आहे. मावशींचा गुडघा वाचला. आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन कसं करतात हेही सांगतो, कारण न कळल्याने भीती जास्त वाटते. कंबरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात किंवा पूर्ण भूल देतात. नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली साधारण १२ ते १५ सेंटिमीटरवर कापतात, वीतभरापेक्षा थोडं कमी. त्याची पुढची कड कानशीने घासून गोल करतात, नाहीतर ती आतून कातडीला टोचत राहील. बाजूचं बारीक हाड नडगीपेक्षा जरा आखूड ठेवतात. मोठी नस हलकेच ओढून कापतात, म्हणजे तिचं टोक मांसात आत सरकतं आणि पुढे दाबाखाली येत नाही. मागचं पोटरीचं मांस मुद्दाम लांब राखतात आणि पुरणपोळी दुमडावी तसं हाडाच्या टोकावरून पुढे आणून शिवतात. पोटरीला रक्त चांगलं असतं, म्हणून जखम भरते, आणि हाडाला गादी मिळते. टाक्यांची ओळ पुढच्या बाजूला येते. कापत असतानाच पुढचा पाय कसा बसेल, याचा विचार डॉक्टरला करावा लागतो.

टाके दोन-तीन आठवड्यांनी निघतात. साखर असेल तर अजून थांबावं लागतं. आणि इथून पुढचं काम घरच्या बायकांवर येतं, तेव्हा इथे जरा नीट ऐका.

माया म्हणून मावशींच्या सुनेने गुडघ्याखाली उशी दिली. आपण कुणीही दिली असती. पण गुडघा दिवसरात्र वाकलेला राहिला की मागच्या शिरा आखडतात, गुडघा सरळ होत नाही आणि वाकलेल्या गुडघ्याला नकली पाय बसत नाही. उशी द्यायची नाही. खाटेवरून पाय लोंबता ठेवायचा नाही. दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवायचं आणि गुडघा सरळ करायचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट दाखवेल तसा करवायचा.

दुसरं, पट्टी. उरलेल्या पायाला सूज असते. ती उतरावी आणि पायाला आकार यावा म्हणून क्रेप बँडेज बांधतात. ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं तिरपं न्यायचं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. सुटलं की पुन्हा, दिवसातून तीन-चार वेळा. गोल गोल, दोर गुंडाळल्यासारखं बांधलं तर मध्ये आवळतं आणि टोक कांद्यासारखं फुगतं. मावशींचं तसंच झालं होतं. नर्सताईंनी सुनेकडून दहादा बांधून घेतलं, तेव्हा जमलं.

तिसरी गोष्ट ऐकून घाबरू नका. एका रात्री मावशी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "पाय नही शे, तरी दुखस वं माय." जो अंगठा नाही तो खाजत होता, जे पाऊल नाही ते मुरगळल्यासारखं वाटत होतं. शेजारणीने भगताचं नाव काढलं. मैत्रिणींनो, हे बाहेरचं काही नसतं. मेंदूत पायाचा नकाशा असतो, तो लगेच पुसला जात नाही. पाय काढलेल्या बहुतेकांना असा भास होतो. दुखत असेल तर त्यावर गोळ्या आहेत. उरलेल्या पायाला हलकं चोळण्याने, नीट पट्टी बांधण्याने फरक पडतो. काही ठिकाणी चांगल्या पायापुढे आरसा धरून व्यायाम देतात. आरशात दुसराही पाय आहे असं दिसतं आणि मेंदू जरा निवतो. डॉक्टरांना सांगायला लाजू नका, ते वेडी म्हणणार नाहीत.

जखम भरली, सूज उतरली, की माप घेतात. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त.

नकली पाय म्हटलं की आपल्याकडे सगळे 'जयपूर फूट' म्हणतात. त्याची गोष्ट मोठी छान आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते आणि रामचंद्र शर्मा नावाचे हस्तकलेचे कारागीर. परदेशी नमुन्याच्या पायाला बूट घालावा लागे, उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. मग शेतात आणि चुलीपुढे काय करायचं? शर्मांचं शिक्षण जेमतेम, पण हात सोन्याचे. या दोघांनी रबर, स्पंज आणि लाकूड वापरून अनवाणी चालता येईल, चिखलात घालता येईल असं पाऊल बनवलं. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पाय फुकट वाटायला सुरुवात झाली. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचं नाव मात्र लोक सहज विसरतात, म्हणून आम्ही मुद्दाम घेतलं.

मुंबईच्या सुधा चंद्रन तुम्हाला टीव्हीवरच्या मालिकांमुळे माहीत असतील. १९८१ मध्ये तामिळनाडूत बसच्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जयपूर फूट लावून त्या १९८४ मध्ये पुन्हा मंचावर भरतनाट्यम नाचल्या. 'नाचे मयूरी' हा सिनेमा त्यांच्यावरच आहे, आणि काम त्यांनीच केलंय. हे आम्ही मावशींना सांगितलं होतं, उमेद यावी म्हणून. आता वाटतं, तेव्हा सांगायला नको होतं. ती बाई नाचते आणि तुम्हाला अंगणात येववत नाही, असंच त्यांना ऐकू आलं असणार.

कारण अडचण उमेदीची नव्हतीच. अडचण सॉकेटची होती.

नकली पायाचं पाऊल सगळ्यांना दिसतं, पण खरी करामत वरच्या भागात असते. उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. पूर्वी तो ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करत. आता बऱ्याच ठिकाणी शेतात पाणी नेणाऱ्या काळ्या पाइपांचं जे एचडीपीई प्लास्टिक असतं, त्याचाच करतात. अंगाचा सगळा भार याच पेल्यातून जमिनीवर जातो.

आता ऐकता ऐकता हात लावून बघा. खाली बसा, गुडघा जरा वाकवा. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली बोट ठेवा. तिथे दोरीसारखा जाड पट्टा लागेल. दाबा. फारसं दुखत नाही ना? आता बोट तसंच नडगीवरून खाली न्या आणि हाडाच्या कडेवर दाबा. तिथे दुखतं. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाडाचा गोटा लागतो. तिथेही दुखतं, कारण त्याला वळसा घालून एक नस जाते. चांगलं सॉकेट म्हणजे जिथे दाब सोसतो तिथे टेकणारं आणि जिथे सोसत नाही तिथे जागा सोडणारं. वाटीखालचा पट्टा, पोटरीचं मांस आणि नडगीच्या दोन बाजू भार घेतात. नडगीची कड, बाहेरचा गोटा आणि अगदी खालचं टोक यांच्यावर भार येता कामा नये. वाटीखाली भार घेणारा हा पेला १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात आखला गेला. आजही जगभर गुडघ्याखालच्या पायाला त्याच मुळाचे पेले होतात.

माप घेताना पायावर मोजा चढवून प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, तंत्रज्ञ ओल्या प्लास्टरवर अंगठ्याने वाटीखाली दाब देतो, आणि सुकलं की साचा काढून घेतो. त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात, तिच्यावर कुठे घासून, कुठे थापून सुधारणा करतात आणि मग प्लास्टिक चढवतात. हातभट्टीच्या विटेसारखं सगळ्यांना एकच माप इथे चालत नाही.

मावशींच्या पायाचं माप शिबिरात घेतलं तेव्हा सूज पुरती उतरलेली नव्हती. त्याच दिवशी पाय मिळाला, चार पावलं चालवलं, फोटो निघाला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत उरलेला पाय बारीक झाला. तो होतोच! पहिलं वर्ष-दीड वर्ष सूज उतरते, न वापरलेलं मांस आटतं, आकार बदलत राहतो. पेला आहे तेवढाच राहिला. पाय आत खोल जायला लागला, टोक तळाला आपटायला लागलं, कातडी सोलली. मावशींनी दोन मोजे घातले, चिंध्या कोंबल्या, मग रक्त आलं, मग पाय दाराआड गेला.

सांगितलं का नाही, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, शिबिरवाले गेले, आता कुणाला सांगू? फुकट दिलेल्याला नाव कसं ठेवू? आणि तिसरं कारण सुनेने आम्हाला ओट्यावर हळूच सांगितलं. माप घ्यायला पुरुष होते, सगळ्यांसमोर साडी मांडीपर्यंत वर घ्यावी लागली. पुन्हा तसं नको म्हणून मावशी गप्प. हे आम्हाला सात महिने सुचलं नाही. आम्ही बायकाच ना?

मग बैठकीत ठरलं. गाडीभाड्याचे पैसे गटातून, बिनव्याजी. एकीने नियमावर बोट ठेवलं, तिचंही खोटं नव्हतं, पण ठराव झाला. आम्ही दोघी मावशींना घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या कृत्रिम अवयव विभागात गेलो. दारातच सांगितलं, पडदा लागेल आणि आमच्यातली एक आत थांबेल. कुणी हरकत घेतली नाही. मागितलं की मिळतं, हे तिथे कळलं.

तंत्रज्ञाने जुन्या पेल्याच्या तळाशी कणकेच्या गोळ्यासारखा मऊ गोळा टाकला आणि मावशींना पाय घालून उभं केलं. बाहेर काढला तर गोळ्याची पापडी झालेली. म्हणजे सगळा भार टोकावर. "बाईंची काही चूक नाही, पेलाच ढिला झालाय," तो म्हणाला. मावशी त्या पापडीकडे बघतच राहिल्या. आम्ही मान खाली घातली.

नवं माप झालं, पाऊल जुनंच ठेवून वरचा भाग नवा बसवला. दोन बाजूच्या दांड्यांना धरून चालण्याचा सराव झाला. पहिल्या आठवड्यात अर्धा-अर्धा तास दोनदा घालायचा, काढून बघायचं, मग रोज थोडा वेळ वाढवायचा. पाय काढल्यावर लाली दिसते; ती दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, फोड आला, तर पाय घालायचा नाही आणि तंत्रज्ञाकडे जायचं. खालची बाजू दिसत नाही, तिथे हातआरसा धरायचा. उरलेला पाय आणि पेला रात्री साबणाने धुवायचा, सकाळी धुतला तर ओल राहून कातडी सडते. पाय घालण्याआधी तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही. मोजा रोज धुतलेला हवा. आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर जातो, तेव्हा पेल्यात घाम साचतो. मावशी दुपारी एकदा पाय काढून पुसतात आणि मोजा बदलतात.

पेला सैल झाला हे ओळखायची खूण सोपी आहे. गुडघ्याची वाटी पूर्वी पेल्याच्या कडेवर जिथे दिसायची, त्यापेक्षा खाली गेली की समजायचं. तेव्हा एक मोजा वाढवायचा. मोज्यावर मोजे चढत गेले आणि तरी पाय आत जातोय, म्हणजे नवा पेला मागायची वेळ झाली. चिंधी कोंबायची नाही.

आता कुठे जायचं ते. आपल्याला जवळ धुळ्याचं आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चाळीसगावहून मुंबईला थेट गाड्या आहेत, तिथे हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये युद्धातल्या जखमी जवानांसाठी निघालं, नंतर तिथे नागरिकांचीही सोय झाली. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्न बघून साहित्य मिळतं, त्याची मापं घ्यायला कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं तालुक्या-तालुक्यात होतात. शिबिराला जरूर जा, पण निघताना एकच विचारा: पाय ढिला झाला तर कुठे आणायचा? उत्तर लिहून घ्या. ऑपरेशनच्या खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा. गुडघ्याखालून पाय गेल्यावर अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर धरतात, म्हणून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. एसटीची सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज दोन्हींना ते लागतं.

आणि मावशींचा दुसरा पाय. साखरेने एक पाय नेला असेल तर दुसऱ्यालाही तोच धोका असतो, त्यातून आता सगळा जोर त्याच्यावर. सून रोज रात्री दिवा धरून तो तळवा बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. कपाशीत चप्पल नाही, बंद बूट.

आमच्या गटात साखरेच्या सहा बायका निघाल्या. त्यातल्या दोघींना माहीतच नव्हतं, उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांची तपासणी करतात तिथे कळलं. आता दर बैठकीला हप्ता जमा करायच्या आधी या सहा जणी चपला काढून पाय पुढे करतात. वहीत नावापुढे खूण होते. वही मावशींकडे आहे. त्या चालत येतात, काठी घेऊन, वाटेत एकदा मारुतीच्या पारावर टेकतात.

पुढच्या खेपेला आम्ही शेजारच्या गावातल्या एका आज्जींना घेऊन जाणार आहोत. त्यांचाही पाय माळ्यावर आहे. तुमच्याकडे कुणी असेल तर जाताना जुना पाय, सध्या वापरतात ते सगळे मोजे, डिस्चार्ज कार्ड, साखरेचा ताजा रिपोर्ट आणि आधार कार्ड बरोबर घ्या. पाय कुठे टोचतो तिथे पेनाने गोल करून ठेवा, आणि एक बाई आत थांबणार हे दारातच सांगा.